सातशे पंचविसावं अक्षर

भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयाच्या आवारात महानगर रक्तपेढी आहे. तिथे, किंवा कुठल्याही जागरूक रक्तपेढीत, पिशवीवर गटाचं लेबल चिकटण्याआधी रक्ताची साक्ष दोनदा घेतात. पहिली साक्ष तांबड्या पेशींची. ‘ए’ ओळखणाऱ्या आणि ‘बी’ ओळखणाऱ्या द्रवाचा एकेक थेंब त्यांच्यावर टाकायचा. पेशी एकमेकींना चिकटल्या, दाणे दिसले, की खूण पटली. दोन्हीकडे काहीच घडलं नाही तर गट ओ. दुसरी साक्ष सीरमची, म्हणजे पेशी खाली बसल्यावर वर उरणाऱ्या पिवळसर पाण्याची. त्यात आधीच गट ठाऊक असलेल्या ए, बी आणि ओ पेशी मिसळून बघायच्या. ओ गटाच्या माणसाचं सीरम ए आणि बी पेशींचे दाणे करतं, ओ पेशींना मात्र धक्का लावत नाही. आपल्याच खुणेच्या पेशींवर ते उठत नाही.

हजारो नमुन्यांत या दोन साक्षी जुळतात. एखाद्या दिवशी मात्र पेशी सांगतात ‘ओ’, आणि सीरममध्ये ओ पेशी पडल्या की त्यांचेही घट्ट, ठसठशीत दाणे होतात. एकाच माणसाच्या रक्ताचे दोन भाग एकमेकांविरुद्ध साक्ष देतात. तंत्रज्ञ हातातलं काम बाजूला ठेवतो आणि वरिष्ठांना हाक मारतो. कारण या माणसाला ओ समजून ओ रक्त चढवलं, तर त्या पेशी त्याच्या शिरांतच फुटतील आणि जीव वाचवायला आणलेली पिशवी जिवावर उठेल.

या दोन साक्षींची गाठ पहिल्यांदा अडली ती याच शहरात, मुंबईत, १९५२ साली. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे नाव आज वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतं. पण ती या शोधाची अर्धीच गोष्ट आहे. ही खोट माणसाच्या रक्तात आली कशी, एकदा आली की पुन्हा पुन्हा, हे कळायला आणखी अर्ध्या शतकाहून जास्त काळ लागला. त्यासाठी आधी मानवी जनुकसंचात चुका कुठे जास्त होतात आणि कुठे कमी, याचा नकाशा काढावा लागला. या दोन गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय त्यांचं मोल कळत नाही, असं मला मनापासून वाटतं.

*

१९५२ साली रक्तगटांचं प्रकरण मिटलं आहे असंच सगळे धरून चालले होते. व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी ए, बी, ओ या गटांचा पाया घातला त्याला पन्नास वर्षं होऊन गेली होती. दुसऱ्या महायुद्धानं रक्ताची बाटली सगळीकडे पोचवली होती. ओ गट म्हणजे सर्वांना चालणारा दाता, हा तर पहिल्या धड्यातला नियम होता.

त्या वर्षीची मुंबईतली हकिकत सांगतात ती अशी. एक रुग्ण रेल्वेच्या अपघातात जखमी झालेला, दुसरा भोसकला गेलेला. दोघांनाही रक्त हवं होतं. पेशी तपासल्या तर दोघेही ओ. ओ गटाची बाटली काढून रुग्णाच्या सीरमशी ताडून पाहिली, तर दाणे. दुसरी काढली, पुन्हा दाणे. दात्यामागून दाता तपासत गेले. एकाचंही रक्त जुळेना. ज्या गटाचं रक्त सगळ्या जगाला चालतं, त्या गटाच्या माणसाला सगळ्या जगाचं रक्त वर्ज्य कसं?

अशी तीन माणसं सापडली. एकमेकांशी नातं नसलेली. त्यांचं रक्त दुसऱ्या कोणाशी जुळत नव्हतं, पण आपसात मात्र जुळत होतं. हे कळलं तिथे कोडं उलटं फिरलं. नमुना खराब असता, द्रव शिळा असता, हात चुकला असता, तर तिघांच्या रक्ताची अशी आपसात ओळख पटली नसती. तेव्हा ही तपासणीतली गफलत नव्हती. हा एक गटच होता, आणि त्याची कुठेही नोंद नव्हती.

डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी ते कोडं सोडून दिलं नाही. लंडनमध्ये रक्तगटांच्या अभ्यासातली मोठी नावं होती रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर यांची, आणि रक्तगटांच्या रसायनाचा माग काढत होते वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स. मुंबईचे तिघे आणि लंडनचे चौघे अशा सात जणांच्या नावानं १९५२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये एक छोटा लेख आला. त्याच्या मथळ्यात ‘नवा’ हा शब्द अवतरणचिन्हांत घातलेला होता. पन्नास वर्षं पक्क्या समजल्या गेलेल्या इमारतीला खाली आणखी एक तळघर आहे असं सांगायचं होतं. माणसं जपून शब्द वापरत होती.

ते तळघर म्हणजे ‘एच’. तांबड्या पेशीच्या अंगावर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात. त्या साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची एक साखर बसते, आणि मग तिथे जणू भिंतीला खुंटी तयार होते. ही खुंटी म्हणजे एच. तिच्यावर एका प्रकारची साखर टांगली की गट ए, दुसऱ्या प्रकारची टांगली की बी, दोन्ही असल्या की एबी. खुंटी रिकामी राहिली तर ओ. म्हणजे ज्याला आपण ‘काहीच नाही’ असं समजून शून्यासारखा ओ लिहीत होतो, तिथेही खुंटी होतीच. मुंबईच्या त्या तीन माणसांच्या पेशींवर खुंटीच नव्हती. त्यांच्या शरीरानं ती कधी पाहिलेलीच नव्हती, म्हणून जगातल्या कोणाच्याही पेशीवर ती दिसली की त्यांचं सीरम तिला परकी समजून हल्ला करत होतं.

तीन वर्षांनी अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांच्यासमोर एक कुटुंब आलं. आईचा गट तपासणीत ओ, आणि मुलीच्या रक्तात मात्र बी, जो आईकडूनच येऊ शकत होता. शाळेत शिकवलेल्या नियमानं हे अशक्य. पण मुंबईची तीन माणसं ठाऊक असल्यावर उत्तर समोरच होतं. आईकडे बी टांगणारं जनुक शाबूत होतं, खुंटी नव्हती. मुलीला बापाकडून खुंटीचं जनुक मिळालं आणि आईचा लपलेला बी उघड झाला. लेव्हिन यांनी या अवस्थेला ‘बॉम्बे’ हे नाव दिलं. पुढे शहराचं नाव बदललं, रक्ताचं तेच राहिलं.

*

पुढची कित्येक वर्षं हे काम परळला चाललं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं रक्तगटांचं केंद्र के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात उभं राहिलं, त्याचीच पुढे राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था झाली. भाटिया आणि त्यांचे सहकारी मुंबईकरांचं रक्त तपासत राहिले, एकेका बॉम्बे व्यक्तीच्या घरच्यांपर्यंत पोचत राहिले. मुंबई परिसरात साधारण दहा हजारांत एक माणूस असा निघतो. युरोपात दहा लाखांत एक. इथल्या बॉम्बे व्यक्तींच्या लाळेतही एच नसतो, ही आणखी एक खूण. निरोगी, धडधाकट माणसं. आयुष्यभर रक्ताची गरज पडली नाही तर आपण वेगळे आहोत हे त्यांना कळतही नाही.

खुंटी ठोकणारं जनुक हाती लागायला १९९० साल उजाडलं. अमेरिकेत जॉन लोव यांच्या गटानं ते वेगळं केलं. एफयूटी१ हे त्याचं नाव, एकोणिसाव्या गुणसूत्रावर त्याचं घर. तांबड्या पेशींवर एच बसवणाऱ्या विकराची ही कृती सुमारे अकराशे अक्षरांत लिहिलेली आहे. डीएनएची लिपी चारच अक्षरांची: ए, टी, सी, जी. एफयूटी१ला लागूनच, पस्तीसेक हजार अक्षरांवर, एफयूटी२ नावाचं भावंड. लाळेतला एच बसवणं हे त्याचं काम.

मग १९९७ साली जपानमधल्या कुरुमे विद्यापीठात योशिरो कोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय वंशाच्या बॉम्बे व्यक्तींचा डीएनए वाचला. एफयूटी१मध्ये सातशे पंचविसाव्या जागी टी असायला हवा होता. तिथे जी होता. त्या एका अक्षरानं विकरातला ल्युसिन जाऊन आर्जिनिन आला आणि विकर निकामी झाला. शेजारचं एफयूटी२ तर जागेवरच नव्हतं. सुमारे दहा हजार अक्षरांचा तुकडा गळून गेला होता. तांबड्या पेशींवर खुंटी का नाही आणि लाळेतही का नाही, या दोन्हींचं उत्तर एकाच गुणसूत्रावर शेजारीशेजारी पडलेलं होतं.

कोडं सुटलं असं वाटण्याच्या त्या क्षणी खरं तर नवं कोडं उभं राहिलं. अकराशे अक्षरांची कृती बिघडवायचे शेकडो मार्ग आहेत. जगात इतरत्र सापडलेल्या अशा व्यक्तींत ती वेगवेगळ्या जागी बिघडलेली आहे. मग भारतातल्या बहुसंख्य बॉम्बे व्यक्तींत, ज्यांचं एकमेकांशी कसलंही नातं नाही, नेमकं तेच एक अक्षर का चुकलेलं?

*

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. पोथ्यांच्या अभ्यासकांनी तो फार पूर्वी सोडवायला घेतला होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार होत असताना वि. स. सुकथनकर आणि त्यांचे सहकारी काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या मांडून बसत. दोन पोथ्यांत एकच चूक दिसली तर त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, दोन्ही एकाच मूळ चुकीच्या पोथीवरून उतरल्या. दोन, ती जागाच अशी निसरडी की कोणाही लेखनिकाचा हात तिथे घसरावा: सारखे दिसणारे दोन शब्द जवळजवळ, किंवा एकाच अक्षरानं संपणाऱ्या दोन ओळी. निसरड्या जागेवरची सारखी चूक नातं सिद्ध करत नाही. जिथे सहसा कोणी चुकत नाही तिथली सारखी चूक मात्र नात्याचा पुरावा ठरते.

म्हणजे नातं ओळखायचं तर आधी प्रत्येक जागा किती निसरडी आहे हे माहीत हवं. माणसाच्या पोथीत अशा तीनशे कोटी जागा आहेत.

माणसाच्या एखाद्या जनुकात चूक होण्याचा वेग पहिल्यांदा मोजला तो जे. बी. एस. हाल्डेन यांनी, १९३५ साली लंडनमध्ये. तेच हाल्डेन जे १९५७ साली भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरमध्ये वारले. त्यांनी घेतलं हिमोफिलिया, न थांबणाऱ्या रक्तस्रावाचा आजार. त्या काळी असे बहुतेक मुलगे मूल होण्याआधीच दगावत. म्हणजे दर पिढीत सदोष जनुकं समाजातून गळून जात होती. तरी आजाराचं प्रमाण घटत नव्हतं. गच्चीवरची टाकी गळते आहे आणि पाण्याची पातळी मात्र तशीच आहे, तर नळातून तितकंच पाणी येत असणार. गळती मोजली की नळाचा वेग कळतो. हाल्डेन यांचं उत्तर आलं: दर पिढीत पन्नास हजारांत सुमारे एक. डीएनएची रचना कळायला अजून अठरा वर्षं होती, आणि केवळ कुटुंबांच्या नोंदी आणि गणित यांच्या जोरावर या माणसानं एका जनुकाच्या चुकीचा वेग सांगितला होता.

पण तो एका अख्ख्या जनुकाचा वेग. अक्षरागणिक वेग मोजायला आई, बाप आणि मूल तिघांचाही पूर्ण डीएनए वाचता यावा लागला. २०१२ साली आइसलँडमधल्या ७८ कुटुंबांवर ते काम झालं, २०१७ साली दीड हजारांवर. निष्कर्ष साधा होता आणि थक्क करणारा. प्रत्येक मूल साठ-सत्तर नव्या चुका घेऊन जन्माला येतं. त्या चुका आईतही नसतात, बापातही नसतात. तीनशे कोटी अक्षरांच्या दोन प्रतींत मिळून इतक्याच, म्हणजे ठरावीक एक अक्षर एका पिढीत बदलण्याची सरासरी शक्यता साधारण आठ कोटींत एक. बापाचं वय वर्षानं वाढलं की त्यात दीड-दोन चुकांची भर पडते, कारण पुरुषाच्या बीजपेशी आयुष्यभर नकला करत राहतात. आईच्या वयाचा वाटा त्याच्या चौथाईइतका.

भारतात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात, प्रत्येकाकडे प्रत्येक अक्षराच्या दोन प्रती. सरासरीनं हिशेब केला तर कुठलंही ठरावीक अक्षर साऱ्या देशात दोन-एक वर्षांतून एखाद्याच बाळात नव्यानं चुकावं.

*

सरासरीचा हा हिशेब ज्या एका अक्षरापाशी कोसळतो, ते चौथ्या गुणसूत्रावर आहे.

अकॉन्ड्रोप्लेझिया ही हाडांची अवस्था. धड साधारण, हातपाय आखूड, उंची कमी. भायखळा-परळच्या रुग्णालयांत, तसं जगातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात, अशी मुलं येतात, आणि बहुतेकांचे आईबाप सर्वसाधारण उंचीचे असतात. १९१२ साली जर्मनीत विल्हेल्म वाइनबर्ग यांच्या ध्यानात आलं की अशी मुलं भावंडांत बहुधा शेवटची असतात. १९५५ साली लायोनेल पेनरोज यांनी दाखवलं की प्रश्न कितव्या मुलाचा नाही, आईच्या वयाचाही नाही, बापाच्या वयाचा आहे. १९९४ साली यामागचं जनुक, एफजीएफआर३, सापडलं, आणि तेव्हा सगळ्यांनाच धक्का बसला. जवळपास प्रत्येक रुग्णात एकच अक्षर चुकलेलं होतं. ११३८व्या जागी जीऐवजी ए.

अगदी बॉम्बे गटासारखंच दृश्य. नातं नसलेली माणसं, एकच चुकलेलं अक्षर. पण अर्थ उलटा. इथे बहुतेकांच्या आईबापांत ती चूकच नव्हती, म्हणजे पूर्वजाचा प्रश्नच मिटला. प्रत्येक घरात ती नव्यानं झाली होती. जगभराच्या अंदाजानं पंचवीस-तीस हजार जन्मांत अशा एका बाळाचा जन्म होतो. हाच हिशेब भारताला लावला तर सरासरी अक्षर दोन वर्षांतून एकदा चुकतं, आणि हे अक्षर दरवर्षी शेकडो बाळांत. हजार पटींचा फरक.

कारण एक नव्हतं, दोन होती. पहिलं १९७८ साली एका जिवाणूच्या अभ्यासात हाती लागलं होतं. डीएनएत सीच्या पुढे जी आला की त्या सीवर पेशी अनेकदा मिथाइलचा एक छोटा ठिपका देते. हे जनुक वाच किंवा वाचू नको, अशा खुणांसाठी तो ठिपका लागतो. पण ठिपका असलेला सी कमकुवत असतो. त्यातला एक भाग आपसूक गळतो आणि त्याचा टी होतो. टी हे लिपीतलं मान्य अक्षर असल्यामुळे दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेच्या नजरेतून ते सहज निसटतं. माणसात अशा सी-जी जोडीचा चुकण्याचा वेग इतर जागांच्या दहापट आणि त्याहून जास्त असतो. ११३८वं अक्षर अशाच जोडीतला जी आहे; डीएनएच्या समोरच्या धाग्यावरच्या सीचा टी झाला की इकडे जीचा ए होतो. दुसरं कारण पुरुषाच्या वृषणात दडलेलं होतं. ही चूक झालेली बीजपेशी शेजारणींपेक्षा जास्त वेगानं स्वतःच्या नकला करत पसरते, म्हणून वय वाढतं तसा तिचा वाटा वाढतो. पेनरोज यांच्या वयाच्या कोड्याचं उत्तर इथे मिळालं.

मग प्रश्न आला की तीनशे कोटींपैकी प्रत्येक जागेचा निसरडेपणा आधी सांगता येईल का. नव्या चुका थेट मोजायच्या तर एका बाळात साठ-सत्तरच मिळतात, तेवढ्यावर नकाशा होत नाही. संशोधकांनी दुसरी वाट धरली. हजारो माणसांच्या जनुकसंचात जे बदल अगदी दुर्मीळ आहेत, ते फार जुने नसतात, निवडीच्या चाळणीतून अजून गेलेले नसतात. चुकांचा तोच ताजा माल. तो मोजायचा, आणि प्रत्येक चुकीच्या आसपासची अक्षरं पाहायची. २०१६ साली वरुण अग्रवाला आणि बेंजामिन व्हॉइट यांनी दाखवलं की मधलं अक्षर आणि दोन्ही बाजूंची तीन-तीन अशी सात अक्षरं पाहिली तर चुकीच्या वेगातला बराचसा चढउतार समजतो. मराठी लिहिणाऱ्याला हे लगेच पटेल. ऱ्हस्वदीर्घाची चूक कुठल्या शब्दात होणार हे त्या अक्षराच्या शेजारावरूनच कळतं.

२०२३ साली व्लादिमीर सेप्लियार्स्की, शमिल सुन्याएव आणि सहकाऱ्यांनी ‘रूलेट’ नावाचं प्रारूप मांडलं. शेजारची अक्षरं, मिथाइलचा ठिपका, त्या भागातला डीएनए पेशी किती उघडते आणि वाचते, हे सगळं जमेला धरून प्रत्येक अक्षराच्या प्रत्येक संभाव्य चुकीला ते वेगळा वेग देतं. त्याच कामात एक नवी गोष्ट हाती लागली. पेशी जी छोटी जनुकं विशिष्ट यंत्रणेनं सतत उघडून वाचत असते, तिथे चुका अपेक्षेपेक्षा खूप जास्त होतात. पोथीची जी पानं रोज पारायणाला उघडली जातात, तीच आधी झिजतात.

*

आता हा नकाशा घेऊन सातशे पंचविसाव्या अक्षराकडे परत यायचं.

ल्युसिनच्या जागी आर्जिनिन यायचा तर मूळ तीन अक्षरांची सुरुवात सी, टी अशीच हवी. म्हणजे चुकलेल्या टीच्या आधी सी आहे. ती सी-जीची कमकुवत जोडी नाही. टीचा जी होणं हा बदलही मुळात कमी वेगानं होणाऱ्यांपैकी. अकॉन्ड्रोप्लेझियातला जो बदल आहे, तो मात्र सहज घडणाऱ्या जातीचा. उलट इथे चूक झाल्यावर सीपुढे जी येऊन नवी जोडी तयार झाली. चूक होण्याआधी ती जागा निसरडी नव्हती. तिथे लेखनिकाचा हात पुन्हा पुन्हा घसरावा असं काहीच नव्हतं.

दुसरा पुरावा शेजारी होता. एफयूटी२ गळून गेलं कसं, हे कोडा यांच्या गटानं २००० साली दाखवलं. आपल्या जनुकसंचात ‘आलू’ नावाचे सुमारे तीनशे अक्षरांचे तुकडे दहा लाखांहून जास्त ठिकाणी विखुरलेले आहेत, जवळपास एकसारखे. पेशी कधी एका आलूला दुसरा समजते, आणि मधला मजकूर गाळून पुढे जाते. एकाच शब्दानं संपणाऱ्या दोन ओळींपैकी पहिलीवरून दुसरीवर उडी मारणारा लेखनिक हेच करतो. एफयूटी२च्या दोन्ही बाजूंना असे आलू होते. गळती वेगळ्या प्रकारची, चुकलेलं अक्षर वेगळ्या प्रकारचं, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि तरी ती एकाच गुणसूत्रावर जोडीनं सापडतात. एका पोथीत एक विचित्र अक्षरदोष आणि एक गाळलेला परिच्छेद आहे, आणि दुसऱ्या गावच्या पोथीतही नेमके तेच दोन्ही. असा योगायोग पुन्हा पुन्हा घडत नाही. हे गुणसूत्र एकदाच घडलं आणि पुढे नकलांमधून उतरत आलं, याच्याकडेच सगळे पुरावे बोट दाखवतात.

अकॉन्ड्रोप्लेझियाची दोन मुलं शेजारीशेजारी बसली असतील तर त्यांच्यात फक्त एक निसरडी जागा समान आहे. बॉम्बे गटाची दोन अनोळखी माणसं शेजारीशेजारी बसली, तर त्यांच्यात एक पूर्वज समान आहे. सूक्ष्मदर्शकाला हा फरक दिसत नाही. तो दिसायला चुकांच्या वेगाचा नकाशा लागतो.

मग हे अक्षर मुंबईत इतकं का? १९४९-५०च्या सुमाराला, बॉम्बे गट सापडण्याच्या थोडंसं आधी, व्ही. आर. खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनी मुंबईतल्या सहा समाजांतली सात आनुवंशिक लक्षणं तपासली होती. एकाच शहरात, एकाच पाण्यावर राहणारे समाज, पण लग्नं आपापल्यात, आणि म्हणून या लक्षणांचं प्रमाण वेगवेगळं. बॉम्बे गट दिसायला आईकडून आणि बापाकडून अशा दोन्ही बाजूंनी तेच चुकलेलं अक्षर यावं लागतं. जिथे लग्नाचं वर्तुळ लहान, तिथे त्याच पूर्वजाच्या दोन प्रती पुन्हा समोरासमोर येण्याची शक्यता मोठी. चूक एकदाच होते. तिच्या नकला एकत्र आणण्याचं काम सोयरिकी करतात.

मुंबईत ते अक्षर जन्मलं असं कोणी म्हणू नये. मुंबई ही ते सापडण्याची जागा. कोकणातून बोटीनं, घाटावरून रेल्वेनं आलेली माणसं भायखळा, लालबाग, परळच्या गिरण्यांत आणि चाळींत गोळा झाली. गावागावांत विखुरलेल्या पोथ्या एका दालनात मांडाव्या तशी. आणि इथेच मोठी रुग्णालयं होती, रक्त चढवण्याची सोय होती, जुळत नाही म्हणून नमुना फेकून न देता दुसऱ्या दिवशी पुन्हा काढणारे हात होते. गावातल्या गावात हा माणूस आयुष्यभर निरोगी राहून, ओळख न पटताच गेला असता.

*

या साऱ्या विज्ञानाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग नकाशाच्याही पुढचा आहे. आपल्या घरांत मूल वेगळं जन्मलं की पहिली बोटं आईकडे वळतात. ग्रहणात सुरी हातात घेतली असेल, काही भलतं खाल्लं असेल, तिच्या माहेरीच असेल. कित्येक बायकांनी हे मुकाट ऐकलं आणि ते खरं मानून आयुष्य काढलं. अकॉन्ड्रोप्लेझियाच्या नव्या चुका तपासल्या गेल्या तेव्हा त्या बापाकडून आलेल्या निघाल्या, पण म्हणून आता बोट बापाकडे वळवायचं, असा त्याचा अर्थ नाही. ठिपका असलेल्या सीचा टी होणं ही पाण्यानं उताराकडे जाण्यासारखी गोष्ट आहे. तीत कोणाचा हात नाही, कोणाचं पाप नाही. साठ-सत्तर चुका प्रत्येक बाळाच्या वाट्याला येतात, तुमच्याही आल्या, माझ्याही. बहुतेकांच्या त्या कोऱ्या समासात पडल्या आणि कोणाला दिसल्या नाहीत, एवढाच फरक.

दुसरं मोल रक्तपेढीच्या टेबलावरचं. आजही जिथे फक्त पेशींची साक्ष घेतात आणि सीरमची सोडून देतात, तिथे बॉम्बे गटाचा माणूस ओ म्हणून नोंदला जातो. त्याच्या खिशातलं ओ गटाचं कार्ड त्याच्यासाठी सगळ्यांत धोकादायक कागद असतो. दुसरी साक्ष घ्यायला काही मिनिटं लागतात. आणि असा माणूस सापडला तर त्याच्या भावंडांचं रक्त तपासायला हवं, कारण ज्या दोन प्रती त्याच्याकडे आल्या, त्या भावाबहिणीकडेही आल्या असण्याची शक्यता चारांत एक असते. वेळेला धावून येणारा दाता अनेकदा याच घरात असतो.

नकाशा अजून पुरा नाही. तो ज्यांच्या डीएनएवरून काढला, त्यांत युरोपीय वंशाची माणसं फार आणि आपली थोडी. जीनोम इंडिया प्रकल्पातल्या सुमारे दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५मध्ये संशोधकांसाठी खुली झाली आहे. आपल्या लहान लहान सोयरिकींनी जपलेली किती तरी एकेकटी अक्षरं त्यात असतील.

आणि भायखळ्यात, परळला, कुठल्याशा रक्तपेढीत एखाद्या रात्री फोन जाईल. अमुक रुग्णालयात बॉम्बे गटाचा रुग्ण आहे, येऊ शकाल का? यादीतला दाता शर्ट चढवेल, लोकल पकडेल. रुग्णाचं नाव त्याला ठाऊक नसेल, गाव ठाऊक नसेल, आडनाव ऐकूनही काही लागेबांधे जुळणार नाहीत. बाटलीऐवजी आता पिशवी आहे. त्याचं सीरम आणि रुग्णाच्या पेशी, रुग्णाचं सीरम आणि त्याच्या पेशी, तंत्रज्ञ सगळं ताडून पाहील. पेशी सुट्या, मोकळ्या तरंगत राहतील, एकही दाणा पडणार नाही. किती पिढ्यांपूर्वीचं ते नातं, ज्याची कुठल्याही वंशावळीत नोंद नाही, ते त्या काचेवर पुन्हा एकदा जुळेल.